मासाच्चोचं ‘पवित्र त्रैक्य’: छत खालून दिसतं, मग देवपिता समोरून का?

एका कलाविद्यार्थिनीचे दोन प्रश्न आहेत. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं, इटालियन चित्रकार मासाच्चोचं ‘पवित्र त्रैक्य’ हे भित्तिचित्र पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट पृष्ठभागावर खोली दाखवण्याच्या पद्धतीचा, पहिला मोठा नमुना म्हणून शिकवतात. पण त्यातलं छत खालून वर पाहिल्यासारखं आणि देवपिता मात्र अगदी समोरून पाहिल्यासारखा दिसतो. मग चित्रकार तिथे चुकला का? आणि दुसरा प्रश्न, गिलावा ओला असतानाच रंगवायचं म्हटल्यावर इतकं मोजूनमापून केलेलं रेखाटन भिंतीवर बसवलं कसं?

चूक नाही. तो चित्रकाराने विचार करून घेतलेला निर्णय आहे, आणि असं मी ठामपणे म्हणतो त्याचं कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. म्हणून आधी भिंतीकडे वळू.

चित्र साधारण पावणेसात मीटर उंच आणि सव्वातीन मीटरला थोडं कमी रुंद आहे. चर्चच्या डाव्या बाजूच्या पाखात, सपाट भिंतीवर. काळ 1425 ते 1427च्या आसपासचा. मासाच्चोचा जन्म 1401चा आणि मृत्यू 1428 मध्ये रोमला, म्हणजे हे काम केलं तेव्हा तो पंचविशीचा होता. भिंतीवर त्याने एक खोटी वास्तू उभी केली: बाहेर दोन्ही बाजूंना गुलाबी भित्तिस्तंभ, त्यांची शीर्षं कॉरिंथियन (पानांच्या नक्षीची), आत आयोनिक (वळसेदार शीर्षांच्या) स्तंभांवर पेललेली अर्धवर्तुळ कमान, तिच्यामागे लाल-निळ्या चौकटींचं, पालथ्या अर्ध्या नळकांड्यासारखं लांबट छत. त्या दालनात क्रुसावर येशू, मागे उंच ओट्यावर उभा राहून क्रूस दोन्ही हातांनी पेलणारा देवपिता, आणि दोघांच्या मध्ये पवित्र आत्म्याचं कबूतर. हे कबूतर फोटोत बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. देवपित्याच्या गळ्याशी पांढरं काहीतरी दिसतं, ते झग्याची कॉलर वाटते. नीट पाहिलं की खाली डोकं करून उतरणारा पक्षी आणि त्याचे पसरलेले पंख कळतात. क्रुसाच्या डावीकडे मरीया, उजवीकडे योहान. दालनाच्या बाहेर, एक पायरी खाली, चित्राचा खर्च करणारं जोडपं गुडघे टेकून बसलेलं. ते लेन्झी घराण्यातले की बेर्ती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळ्यात खाली थडगं, त्यावर सांगाडा.

आता रेषा. छताच्या चौकटींच्या मागे जाणाऱ्या कडा खाली ओढत नेल्या तर त्या क्रुसाच्या पायथ्यापाशी, जोडपं बसलंय त्या पायरीच्या पातळीवर एकत्र येतात. चर्चच्या जमिनीपासून ही उंची साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याइतकी. याचा परिणाम असा की छताकडे आपण मान वर करून बघतो, थडग्याकडे खाली वाकून बघतो, आणि नजर सरळ ठेवली तर ती क्रुसाच्या पायाशी जाऊन थांबते. क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी, कुठे धरायची हे पर्स्पेक्टिव्हमध्ये चित्रकाराच्या हातात असतं. इथे ती मर्त्य माणसाच्या डोळ्याला बांधली आहे. एकाग्रबिंदू, म्हणजे या रेषा मिळतात ती जागा, येशूच्या चेहऱ्यावर घेतला असता तर छत इतकं उंच वाटलंच नसतं.

हे ज्ञान मासाच्चोकडे वास्तुकार ब्रुनेलेस्कीकडून आलं असणार. बाप्तिस्मागृहाचं चित्र आणि आरसा वापरून पर्स्पेक्टिव्हचा प्रयोग ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्समध्येच काही वर्षं आधी करून दाखवला होता, आणि चित्रातली वास्तू तर सरळ त्याच्याच शैलीची आहे. वास्तुकार आणि लेखक आल्बेर्तीने हे नियम पुस्तकात मांडले ते 1435-36 मध्ये, हे चित्र झाल्यानंतर. म्हणजे मासाच्चोपुढे लिहून ठेवलेला नियम नव्हता. त्याच्यापुढे एक नवी युक्ती होती, आणि ती कुठे लावायची हे त्याचं त्याला ठरवायचं होतं.

आता गिलावा.

फ्रेस्कोचा, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवायच्या भित्तिचित्राचा, चुना म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुनखडीचा, पाण्यात विरवून महिनोन्‌महिने मुरवलेला, लोण्यासारखा झालेला चुना. त्यात चाळलेली वाळू. आधी भिंतीवर जाड, खरबरीत थर देतात. त्यावर गेरूने ढोबळ रेखाटन करतात. मग त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर शेवटचा पातळ, गुळगुळीत थर. रंग फक्त पाण्यात घोटलेले. डिंक नाही, सरस नाही, अंडं नाही. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्या कोवळ्या स्फटिकांच्या जाळ्यात रंगाचे कण अडकतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचा होतो. ही घडण व्हायला दिवसाचे काही तास मिळतात. थापी फिरवल्यावर लगेच रंग लावला तर कुंचला गिलावा उकरतो. फार उशीर केला तर रंग वरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बोटाला पावडर लागते. बोट हलकेच टेकलं तर ठसा उमटावा पण चुना बोटाला चिकटू नये, अशी वेळ आली की सुरुवात करायची. संध्याकाळी जो भाग रंगवायचा राहिला असेल तो कडेने तिरका कापून काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशीचा नवा थर त्या कडेला भिडवायचा. दोन जोडांमधल्या अशा एकेका भागाला इटालियनमध्ये जोर्नाता म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. काम वरून खाली जातं, कारण वरच्या चुन्याचं पाणी खालच्या तयार कामावर ओघळू द्यायचं नसतं.

यातून पर्स्पेक्टिव्हपुढे एक खरी अडचण उभी राहते. गेरूचं रेखाटन तू आज झाकून टाकलंस. ज्या थरावर रंगवायचं तो कोरा पांढरा आहे. आणि सगळ्या रेषा ज्या बिंदूत मिळायच्या तो बिंदू काही मीटर खाली, अजून न लिंपलेल्या भिंतीवर आहे. मग छताची चौकट कुठून कुठे जाईल?

उत्तर गवंड्याच्या पिशवीत आहे: खिळा, दोरी आणि ओळंबा. एकाग्रबिंदूच्या जागी भिंतीत खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधून वर ताणायची, आणि ताज्या गिलाव्यावर ती टणकन सोडायची किंवा तिच्या आधाराने टोकदार हत्याराने रेष ओढायची. घराचं जोतं आखताना आपले गवंडी सूत मारतात, अगदी तसंच. फरक इतकाच की इथे खुणेची पूड नसली तरी चालतं, ओला चुना स्वतःच खूण धरतो. कमानीसाठी दोरीचाच कंपास. ‘त्रैक्या’च्या गिलाव्यावर अशा दाबलेल्या आणि कोरलेल्या रेषा आजही आहेत. बाजूने तिरका प्रकाश टाकला की छताच्या चौकटींवर, भित्तिस्तंभांच्या कडांवर त्या उठून दिसतात. रंगवताना त्या पुसल्या जात नाहीत, कारण त्या रंगात नसून चुन्यात असतात. अशा भिंतीवर मी काम करतो तेव्हा हा भाग मला सर्वांत आवडतो: चित्रकाराने काय मोजलं आणि काय न मोजता हाताने केलं, याची नोंद भिंत सहाशे वर्षं सांभाळून ठेवते.

आणि आता मरीयेचा चेहरा. त्या चेहऱ्यावर, गिलाव्यात, उभ्या-आडव्या रेषांची चौकटींची जाळी कोरलेली आहे. लहान रेखाटनावर चौकटी आखायच्या, भिंतीवर तितक्याच, पण मोठ्या आकाराच्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उचलून इकडे आणायची, ही पद्धत आज शाळेतली मुलंही करतात. त्या काळच्या भिंतीवर ती दिसणं ही फार दुर्मीळ गोष्ट. त्याने ती सगळीकडे वापरली नाही. जिथे अवघड होतं तिथे वापरली. मरीया आपल्या डोळ्यांच्या वर उभी आहे, त्यामुळे तिचा चेहरा किंचित खालून पाहिल्यासारखा हवा: हनुवटीखालचा भाग थोडा दिसणार, कपाळ आखूड होणार, नाकाची लांबी बदलणार. हे अंदाजाने केलं तर चेहरा वेडावाकडा होतो. म्हणून कागदावर सोडवून घेतलं आणि मोजून भिंतीवर नेलं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. खालून पाहिलेलं माणसाचं डोकं कसं काढायचं हे त्याला येत होतं, त्यासाठी त्याने जास्तीचे कष्ट घेतले, आणि त्याचा पुरावा चुन्यात कोरलेला आहे. मग त्याच भिंतीवर, मरीयेच्याही वर उभ्या असलेल्या देवपित्याला त्याने समोरून काढलं, येशूलाही समोरून काढलं. ज्याला येत नाही तो सगळीकडे सारखाच अडखळतो. इथे वास्तू, मरीया आणि योहान आपल्या डोळ्याचा नियम पाळतात. पिता आणि पुत्र पाळत नाहीत. आपण कुठे उभे आहोत यावर देवाचं रूप अवलंबून नाही. डॉमिनिकन साधूंच्या चर्चमध्ये, जिथे धर्मशास्त्र हाच रोजचा विषय, तिथे हा फरक बारकाईने ठरवला गेला असणार असं माझं मत आहे. शिवाय व्यवहाराचीही बाजू आहे: नियम पाळून काढला असता तर देवपित्याची दाढी आणि नाकपुड्या पुढे आल्या असत्या आणि कपाळ दिसेनासं झालं असतं. प्रार्थनेला आलेल्या माणसाला ते चेहऱ्याचं दर्शन म्हणता आलं नसतं.

दुसरा गुंता याच जागी आहे आणि वर्गात तो क्वचितच सांगतात. देवपिता उभा आहे तो ओटा बघ. तो मागच्या भिंतीला लागून आहे असं वाटतं. पण क्रूस तर दालनाच्या पुढच्या भागात आहे, आणि देवपित्याचे हात क्रुसाच्या आडव्या खांबापर्यंत पोचतात. एवढ्या खोल दालनात हे कसं? अभ्यासकांनी चित्रावरून दालनाची खोली आणि बघणाऱ्याचं अंतर काढायचे अनेक प्रयत्न केले. गणितं एकमेकांशी जुळत नाहीत. स्तंभशीर्षांच्या वरच्या फरशांच्या काही रेषाही मुख्य बिंदूशी काटेकोर मिळत नाहीत. माझ्या मते मासाच्चोने छतात खोलीचं मोजमाप उघड दाखवलं, आणि खाली जमीनच दाखवली नाही. डोळ्याच्या पातळीवर क्षितिज धरल्यामुळे दालनाची फरशी आपोआप अदृश्य होते, आणि फरशी नसली की कोण किती मागे उभं आहे हे मोजायला आधारच उरत नाही. छताचं खरेपण डोळा मान्य करतो आणि त्याच विश्वासावर देवपिताही तिथेच, त्याच हवेत उभा आहे असं धरून चालतो.

रूढ मांडणीत त्याने आणखी एक बदल केला. पित्याने पुत्राचा क्रूस पेलल्याचं दृश्य जुनं आहे, पण त्यात पिता सहसा सिंहासनावर बसलेला असतो. इथे तो उभा आहे, दोन पायांवर वजन पेलून. कपड्याखाली शरीर आहे, पायाखाली ओटा आहे. खर्च करणारं जोडपंही आधीच्या चित्रांत संतांच्या पायाशी खेळण्याएवढं छोटं दाखवत. इथे ते खऱ्या माणसाएवढं आहे. फक्त त्यांना वास्तूच्या आत जागा नाही. ते भित्तिस्तंभांच्या बाहेर, आपल्या बाजूला आहेत.

रंगांची मांडणी साधी पण पक्की. डावीकडचा यजमान लाल, उजवीकडची यजमानीण निळसर काळ्या वस्त्रात. त्यांच्यावर अदलाबदल, म्हणजे डावीकडे मरीया निळी, उजवीकडे योहान लालसर. दोन्ही रंग मग देवपित्याच्या अंगावर आणि छताच्या चौकटींत एकत्र येतात. त्यामुळे नजर तिरकी वर चढत जाते आणि त्रिकोणाच्या शेंड्याला, पित्याच्या मस्तकाला पोचते. या सगळ्यात आपल्याकडे बघते ती एकटी मरीया, आणि उजव्या हाताने पुत्राकडे दाखवते. ती रडत नाही. मुलगा गेलेल्या आईच्या चेहऱ्यावर असा कोरडा, थकलेला कठोरपणा रंगवण्याचं धैर्य मला या चित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते, पर्स्पेक्टिव्हपेक्षाही मोठी.

तिचा अंगरखा आज काळपट दिसतो. निळ्याची ही अडचण फ्रेस्कोत नेहमीची. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, लोहयुक्त तांबडे रंग चुन्यात बिनधास्त राहतात. पण मौल्यवान खनिज निळे बहुधा भिंत वाळल्यावर, सरस किंवा अंड्यात कालवून वरून लावत. तो थर चुन्याचा होत नाही, म्हणून शतकांच्या ओलाव्यात आणि पुसापुशीत सर्वांत आधी तो जातो. जुन्या फ्रेस्कोत निळं वस्त्र डागाळलेलं आणि शेजारचं लाल ताजं दिसलं, तर कारण सहसा हेच.

आज तू जे बघशील ते मासाच्चोने ठेवलं तसं सलग नाही, हेही माहीत हवं. 1570च्या सुमारास चित्रकार आणि कलाकारांचा चरित्रकार व्हासारीने चर्चची नवी मांडणी केली, आणि या चित्रासमोर वेदी उभारून त्यावर स्वतःचं चित्र लावलं. पण मासाच्चोचं चित्र त्याने खरवडून काढलं नाही, झाकून ठेवलं. भिंतीला भोक पडल्यासारखं वाटतं असं या छताचं कौतुक त्यानेच आपल्या ग्रंथात केलेलं होतं. जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1860च्या सुमारास वेदी हलवली तेव्हा वरचा भाग सापडला. तो भिंतीवरून सुटा करून प्रवेशद्वाराच्या आतल्या भिंतीवर नेला. सांगाड्याचा भाग मात्र मूळ जागीच झाकलेला राहिला आणि 1950च्या दशकाच्या सुरुवातीला उजेडात आला. मग वरचा भाग परत आणून त्यावर बसवला. म्हणून मधली जवळजवळ नव्वद वर्षं लोकांनी ज्याला मासाच्चोचं ‘त्रैक्य’ म्हटलं त्यात खालचा भाग नव्हताच, आणि तो नसला की क्षितिजरेषेचा सगळा मुद्दा हरवतो. सांगाड्यावरच्या ओळीचा अर्थ असा: तुम्ही आज जे आहात ते मी होतो, आणि मी आज जे आहे ते तुम्हीही व्हाल. हे वाचायला नजर खाली जाते. तिथून सरळ, मग वर. वास्तूची काही कड आणि जोडाजवळचा भाग दुरुस्तीतला आहे, त्यामुळे तिथल्या बारकाव्यांवरून मासाच्चोविषयी निष्कर्ष काढू नकोस.

आपल्याकडे अजिंठ्याची चित्रं बघून आलेले बरेच जण तीच पद्धत समजून या चित्राकडे बघतात. अजिंठ्याचं तंत्र वेगळं आहे: माती, भुसा, तंतू घालून केलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वाळलेल्या पृष्ठभागावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग. तिथे चित्रकाराला दिवसाच्या जोडांची घाई नव्हती, तो रेष पुन्हा पुन्हा दुरुस्त करू शकत होता. म्हणूनच तिथल्या रेषेत जो लवचीक ओघ आहे तो वेगळ्या वेळेच्या हिशेबातून आला आहे. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद संस्थानाने अजिंठ्याच्या चित्रांसाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन दुरुस्तीकार बोलावले होते. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, पण वर लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. संवर्धन करणाऱ्याला भिंतीचं तंत्र आधी ओळखावं लागतं. चुन्यात रुजलेल्या रंगाला जे चालतं ते मातीच्या लेपावरच्या रंगाला चालेलच असं नाही.

तू स्वतः करून बघणार असशील तर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घे, मोठी भिंत नको. पावसाळा संपल्यावर, थंडीत सुरू कर. उन्हाळ्यात चुना इतका भराभर सुकतो की रंगवायला वेळच मिळत नाही, आणि पावसाळ्यात कोकणासारख्या ठिकाणी तो दिवसेंदिवस ओला राहतो. चुना बाजारातला कोरडा पुडीचा नको, विरवून किमान काही महिने पाण्याखाली ठेवलेला घे. आपल्या जुन्या वाड्यांच्या, घाण्यात दळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा घालत. शेवटच्या थरात तसलं काही घालू नकोस, रंग मळतो. विटेची भिंत आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा भिजव. चौकटीतली एक कमान आणि तिच्यामागचं छत काढ, एकाग्रबिंदू मुद्दाम तुकड्याच्या बाहेर, खाली ठेव, म्हणजे खिळा आणि दोरीचं गणित हाताला कळेल. रंग वाळल्यावर बरेच फिके होतात, तेव्हा आधी वेगळ्या तुकड्यावर प्रत्येक छटेचा पट्टा लावून पंधरा दिवस वाळू दे. आणि डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच. ओला चुना त्वचा जाळतो.